नारायण वामन टिळक : संस्थेबाहेरील प्रार्थना

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे चरित्र बहुधा धर्मांतराची कथा म्हणून सांगितले जाते. वस्तुतः त्यांच्या आयुष्यात त्याग दोनदा घडला. त्यांतील दुसऱ्याकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यापायी ते आप्तांना अंतरले. पत्नी लक्ष्मीबाईंचाही काही वर्षे वियोग सोसावा लागला. पुढे अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये असताना पाश्चात्त्य चालींवर बेतलेली उपासनागीते त्यांना परकी वाटू लागली. तुकोबांच्या अभंगांवर पोसलेल्या या कवीने अभंग, पद आणि कीर्तन यांतून ख्रिस्तभक्तीला मराठी वाणी दिली.

तथापि केवळ भाषा बदलून प्रश्न सुटण्यासारखा नव्हता. भक्ती आणि वेतन यांची सांगड त्यांना मानवेना. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ आरंभिला. तेथे बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र येऊ शकत. ख्रिस्तनिष्ठा त्यांनी सोडली नव्हती. तिच्यावरील संस्थेचा मक्ता तेवढा नाकारला होता.

९ मे १९१९ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले. दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. पदे मात्र मराठी चर्चमध्ये गायिली जात राहिली. ज्या चौकटीबाहेर ते पडले, तिच्याच सामूहिक उपासनेने त्यांची एकट्याची प्रार्थना जपली.