लेडी डफरीनबाई

सोलापुरास गेलेल्या पुष्कळ वाचकांनी तेथील डफरीन चौक पाहिला असेल. अमरावतीस तर स्त्रियांच्या सरकारी इस्पितळाला लोक अद्याप नुसते डफरीनच म्हणतात. हे नाव कोणा साहेबाचे असावे असे वाटणे साहजिक आहे; परंतु इस्पितळांस ते लागले ते एका बाईमुळे.

हॅरिएट रोवन-हॅमिल्टन यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४३ रोजी आयर्लंड देशी झाला. १८६२ साली लॉर्ड डफरीन यांजशी त्यांचा विवाह झाला. पुढे पतीस अर्ल ही विलायती उमरावाची पदवी मिळाली, तेणेकरून बाई कौंटेस झाल्या. अशा स्त्रियांचा मान पतीच्या पदवीवर चालतो. स्वतःचा अधिकार त्यांस काडीचाही नसतो. पतीच्या कामगिरीनिमित्त कानडा, रशिया व तुर्कस्थान येथे राहून १८८४ च्या डिसेंबरात व्हाइसरॉयची पत्नी म्हणून त्या हिंदुस्थानात आल्या.

निघतेवेळी व्हिक्टोरिया राणीने त्यांजवर एक काम सोपविले होते. त्यामागे एका मिशनरी बाईंचे श्रम होते. पन्ना संस्थानच्या आजारी राणीस एलिझाबेथ बील्बी यांनी औषधपाणी केले होते. इकडील स्त्रिया आजारात काय हाल सोसतात, हा त्या राणीचा निरोप बील्बीबाईंनी १८८१ साली विलायतेस राणीसाहेबांच्या कानी घातला. पुरुष डॉक्टरापुढे यावयाचे नाही, आणि स्त्री डॉक्टर तर नाही. मग अडलेली बाळंतीण अडाणी सुइणीच्या हाती तडफडून मरे.

१८८५ साली डफरीनबाईंनी देशभर फंड उभारला. स्त्रियांस वैद्यकी शिकविणे, त्यांच्यासाठी दवाखाने काढणे, आणि परिचारिका व सुइणी तयार करणे ही त्याची कामे. संस्थानिकांनी व धनिकांनी वर्गण्या दिल्या. गरज किती होती ते आपल्याकडील एका गोष्टीवरून कळेल. १८८६ साली अमेरिकेहून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी यांस कोल्हापूर दरबाराने तेथील इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर नेमले होते. पण कामावर रुजू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, त्या वारल्या. त्यांच्या जागी लगेच उभी करावी अशी दुसरी कोठून आणावी?

एक गोष्ट मात्र आपल्या लोकांस बोचली. फंडाच्या डॉक्टरिणींनी धर्माविषयी काही शिकवू नये, असा नियम झाला. ज्या मिशनरी स्त्रियांनी वाट पाडली त्यांसच जणू दाराबाहेर ठेवले, असे पुष्कळांस वाटले. मलाही सेमिनरीत असता तसेच वाटे. आता वाटते, पडद्यातील स्त्रीच्या घरच्यांचा विश्वास बसला नसता तर ते दार तिला उघडलेच नसते. मिशनांचे काम तर थांबले नाहीच. १८९४ साली आपल्या मिरजेस डॉक्टर वानलेस यांनी इस्पितळ उघडले, तेथे प्रार्थनेस कोणाची मनाई नव्हती. फंडाची खरी उणीव निराळी होती: त्याची इस्पितळे शहरांत झाली, आणि खेड्यातील सून फार काळ सुइणीच्याच हाती राहिली.

१८८८ च्या अखेरीस बाई परत गेल्या. त्यांचा थोरला मुलगा १९०० साली दक्षिण आफ्रिकेतील लढाईत पडला, १९०२ साली पती वारले, आणि १९१७ साली आणखी एक मुलगा महायुद्धात गेला. त्या स्वतः २५ ऑक्टोबर १९३६ रोजी, वयाच्या ९३व्या वर्षी निवर्तल्या. तोवर फंडाच्या इस्पितळांत जन्मलेल्या कित्येक मुलींस नातवंडे झाली होती.