काष्ठशिल्पी जॉर्ज नाकाशिमा

आपल्या सुतार समाजाच्या स्मरणिकेत एका परदेशस्थाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांस पडेल. परंतु नाकाशिमा यांचे आणि आपले नाते रंध्या-पटाशीचे आहे. शिवाय त्यांच्या आयुष्यास वळण लागले ते भारतभूमीवर.

जपानी आईबापांच्या पोटी १९०५ साली अमेरिकेतील स्पोकेन येथे त्यांचा जन्म झाला. वास्तुशास्त्राची उच्च पदवी घेऊन ते टोकियोस अंतोनिन रेमंड यांच्याकडे नोकरीस राहिले. रेमंड यांनीच त्यांस १९३७ साली पाँडिचेरीच्या अरविंदाश्रमात ‘गोलकोंडा’ ही वास्तू उभारण्यास धाडले. तेथे ते वेतन न घेता साधक म्हणून राहिले; आश्रमात त्यांस ‘सुंदरानंद’ हे नाव मिळाले.

पुढे महायुद्ध पेटले. १९४२ साली अमेरिकेने पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांस छावण्यांत डांबले. नाकाशिमा पत्नी व तान्ह्या मुलीसह आयडाहोतील मिनिडोका छावणीत आले. तेथे जपानात तयार झालेले गेंतारो हिकोगावा नावाचे सुतार होते. पदवीधर वास्तुतज्ज्ञ त्यांच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. टाकाऊ लाकडावर सांधे जुळविणे, जपानी हत्यारे चालविणे शिकला. चार बुके शिकताच वाडवडिलांच्या हत्यारपेटीस हात लावण्यास संकोचणारी मुले आमच्याही घरांत आहेत, म्हणून हा प्रसंग आम्हांस विशेष वाटतो.

१९४३ साली रेमंड यांच्या खटपटीने सुटका होऊन ते पेन्सिल्व्हेनियात न्यू होप येथे आले आणि तेथेच त्यांनी कारखाना थाटला. फळीस चीर दिसली की आपण लांबी भरून ती बुजवितो. नाकाशिमा ती उघडी ठेवीत आणि वाढू नये म्हणून तिच्यावर आडवी, डमरूच्या आकाराची लाकडी पट्टी खाचून बसवीत. अक्रोडाच्या फळीची सालीकडील वाकडी कडही ते रंधून सरळ करीत नसत. त्यांची मेजे, खुर्च्या, लाकडी चौकटीचे दिवे यांस मोठी मागणी आली. १९७३ साली नेल्सन रॉकफेलर यांनी एका घरासाठी सुमारे २०० नग करविले. गिऱ्हाइकाचे नाव ते वस्तूच्या खालच्या बाजूस लिहून ठेवीत.

१९६४ साली ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले. तेथे त्यांच्या नमुन्यांवरून भारतीय सुतारांनी फर्निचर घडविले.

१९९० साली न्यू होप येथे त्यांचे देहावसान झाले. छावणीत तान्ही असलेली कन्या मीरा हिने पुढे कारखान्याची धुरा उचलली.