संक्रांत आणि ऋतू यांच्यात तीन आठवड्यांचा फरक का? हिशोब मांडणारे कोकणातले शंकर बाळकृष्ण दीक्षित

संक्रांतीला सूर्य उत्तरेकडे वळतो, असं आपण लहानपणापासून ऐकतो. खरं तर तो वळतो २१-२२ डिसेंबरला. मग मधले तीन आठवडे गेले कुठं?

हे कोडं मराठीत नीट उलगडून सांगितलं शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी. जन्म १८५३ चा, दापोलीजवळच्या मुरूडचा. पेशा शिक्षकाचा, नाद आकाशाच्या गणिताचा.

पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो. त्यामुळं ताऱ्यांवर बांधलेलं पंचांग ७२ वर्षांत साधारण एक दिवस ऋतूंपासून सरकतं. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशा सोडत नाहीत असा उल्लेख आहे. आज त्या पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला उगवतात. दीक्षितांनी उलटं गणित केलं आणि तो काळ इसवी सनापूर्वी ३००० च्या आसपासचा ठरवला.

आता खरी पंचाईत. पंचांगानं ताऱ्यांना धरून राहायचं की ऋतूंमागं जायचं? विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित ऋतूंच्या, म्हणजे सायन बाजूचे. लोकांना ते पटलं नाही. सगळे सण तीन आठवडे अलीकडे आणायला कोण तयार होणार?

चिनी लोकांनी हा प्रश्न वेगळा सोडवला. बदल हाच नियम मानून माणसानं काळाप्रमाणे वळावं, असं त्यांचा यी चिंग हा शकुनग्रंथ मानतो. त्यांच्या कॅलेंडरातही वर्षातला सर्वात लहान दिवस अकराव्या महिन्यातच यावा, म्हणून अधिक महिना त्या बेतानं टाकतात.

इंदापूर तालुक्यातल्या निमगाव केतकीसारख्या कमी पावसाच्या भागात हा वाद पुस्तकी राहत नाही. मृग सध्या ७-८ जूनला लागतो. वराहमिहिराच्या काळी तो आजच्या हिशोबानं मेच्या तिसऱ्या आठवड्यात लागायचा. आणखी हजार वर्षांनी जूनचे तीन आठवडे उलटल्यावर लागेल. पाऊस काही त्याच्यासाठी थांबणार नाही.

१८९६ मध्ये दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ आला. त्याच वर्षी रॉबर्ट स्युएल यांच्यासोबत भारतीय कालगणनेवरचं इंग्रजी पुस्तकही. दोनच वर्षांनी, वयाच्या ४४ व्या वर्षी ते गेले.

२२ मार्च १९५७ ला सरकारनं राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू केली, ती ऋतूंना धरून. सण मात्र जुन्याच हिशोबानं होतात, आणि संक्रांत आता अधूनमधून १५ जानेवारीला पडू लागली आहे.