गोदाकाठचा बैरागी, बिनपगारी फौजेचा सेनापती

नांदेड - सचखंड हुजूर साहिबचे दर्शन घेऊन अनेक भाविक गोदावरीकाठच्या बंदाघाट गुरुद्वाऱ्याकडे वळतात. तीनशे वर्षांपूर्वी या काठावर माधोदास नावाच्या बैराग्याचा मठ होता. राजौरी येथे १६७० मध्ये जन्मलेला हा लक्ष्मणदेव. शिकारीत गाभण हरिणी मारली गेली आणि त्याने शस्त्र टाकले, असे परंपरा सांगते. तोच पुढे बंदासिंग बहादूर झाला.

बादशहा बहादूरशहासमवेत दक्षिणेत आलेले गुरू गोविंदसिंगजी सप्टेंबर १७०८ मध्ये या मठात आले. त्या भेटीनंतर बैराग्याने स्वतःला गुरूंचा बंदा, म्हणजे सेवक, म्हणवून घेतले. पाच बाण, निशाण, नगारा, पंजाबातील शिखांच्या नावे हुकूमनामे, पाच विश्वासू सोबती आणि वीसेक शीख एवढ्या शिदोरीवर त्यांनी उत्तरेची वाट धरली. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी नांदेडातच गुरूंचे निर्वाण झाले.

पदरी खजिना नसलेल्या या माणसाकडे हजारो लोक का आले असावेत? हुकूमनाम्यांवरील श्रद्धा हे पहिले कारण. दुसरे होते दुःख. गुरूंच्या दोन धाकट्या पुत्रांना सरहिंदचा फौजदार वजीरखान याने ठार करवले होते. लुटीच्या आशेने आलेलेही पुष्कळ होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. १२ मे १७१० रोजी छप्परचिडी येथील लढाईत तोफांचा मारा सुरू होताच हे लुटारू प्रथम पळाले. उरलेल्यांच्या बळावर लढाई जिंकली गेली. वजीरखान मारला गेला, सरहिंद पडले.

यानंतरची त्यांची कृती अधिक दूरदर्शीपणाची म्हणावी लागेल. जमीनदारी मोडून त्यांनी कसणाऱ्याला जमिनीचा मालक केले. समाजाने अस्पृश्य मानलेल्यांना अधिकारपदे दिली. शिपाई आता स्वतःच्या शेतासाठी आणि मानासाठी लढत होता. लोहगड ही त्यांची राजधानी. नाणी मात्र त्यांनी स्वतःच्या नव्हे, गुरूंच्या नावाने पाडली.

तरीही माणसे तुटलीच. १७१५ मध्ये गुरदास नंगल येथे मोगलांचा वेढा आठ महिने चालला. अन्न संपले, झाडांची साल आणि पाला खाण्याची वेळ आली. वेढा फोडून बाहेर पडावे की गढीतच राहून लढावे, यावरून मतभेद झाले आणि बिनोदसिंग आपल्या माणसांसह निघून गेले. नांदेडहून सोबत निघालेल्या पाच विश्वासूंपैकी ते एक! ७ डिसेंबर १७१५ रोजी गढी पडली.

सातशेहून अधिक कैदी दिल्लीला नेण्यात आले. मार्च १७१६ पासून रोज शंभर जणांचा शिरच्छेद होऊ लागला. धर्म सोडणाऱ्यास जीवदान मिळणार होते. पण एकानेही ते स्वीकारले नाही, अशी नोंद त्या वेळी दिल्लीत असलेल्या इंग्रज वकिलांनी आपल्या पत्रात केली आहे. खाफीखान या समकालीन इतिहासकाराने एका तरुणाची हकिगत दिली आहे. आपला मुलगा शीख नाही, असे सांगून त्याच्या आईने सुटकेचा हुकूम मिळवला. मुलाने आई खोटे बोलत असल्याचे सांगितले आणि तो पुन्हा वधाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

बंदासिंगांची पाळी ९ जून १७१६ रोजी आली. त्यांच्यापुढेही तोच पर्याय ठेवण्यात आला. त्यांनी तो नाकारला, तेव्हा आधी चार वर्षांच्या अजयसिंगाला त्यांच्या डोळ्यांदेखत मारण्यात आले आणि मग त्यांना.