हुकूमतपन्हा रामचंद्रपंत अमात्य

शाहूवाडी तालुक्यातील विशाळगड म्हटला की बाजीप्रभूंचे स्मरण होते, आणि ते योग्यच आहे. परंतु पुढे याच गडावरून युद्धकाळात राज्याचा कारभार चालला, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. तो चालविणारे पुरुष रामचंद्र नीलकंठ बावडेकर. १६७४ च्या राज्याभिषेकसमयी ते अष्टप्रधानांत अमात्य होते. १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे गेले, तेव्हा हुकूमतपन्हा या पदवीनिशी महाराष्ट्राचा भार पंतांवर आला. खजिना रिता आणि शत्रू दारात, अशा स्थितीत त्यांनी तो वाहिला.

या अनुभवाचे सार १७१५ च्या आज्ञापत्रात उतरले आहे. त्यातील आरमाराचे प्रकरण वाचून नवल वाटते, कारण पंतांचे आयुष्य डोंगरी गडांवर गेलेले. सागरी वाट निर्भय राखण्यासाठी आजची आरमारे पेरलेले सुरुंग काढतात. त्या काळी भय शत्रूचे होतेच, पण वेतन थकलेल्या आपल्याच खलाशांचेही होते. उपाशी खलाशी सावकारांच्या गलबतांवर पडतो, आणि सावकार फिरकेनासा झाला की बंदर ओस पडते. म्हणून आरमाराचा खर्च नेमून सरकारातून द्यावा, बंदराच्या उत्पन्नावर सोडू नये, असे पंतांनी बजावले. पाच गुराबा व पंधरा गलबते मिळून एक सुभा, हे प्रमाणही त्यांचेच. जहाजाच्या लाकडासाठी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावण्याची मात्र त्यांनी मनाई केली. झाड जीर्ण असेल तरच, धन्यास राजी करून व मोल देऊन, ते तोडावयाचे.

पंतांची समाधी पन्हाळ्यावर आहे.