शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे

शालेय जीवन संपत आलें, म्हणजे पुढें कोणता मार्ग धरावा हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें उभा राहतो. कोणी वडिलांचा धंदा उचलतो, कोणी पगाराकडे पाहतो. आणि एखादाच असा निघतो कीं, ज्याला त्याचें कामच हांक मारून बोलावतें. मायकेल फॅरडे हा अशांपैकीं एक होता.

त्याचा जन्म ता. २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनजवळ न्यूइंग्टन येथें एका लोहाराच्या घरीं झाला. बाप प्रकृतीनें अशक्त, त्यामुळें घरांत नेहमींच ओढाताण. १८०१ सालच्या महागाईंत तर एक पाव मायकेलच्या हातीं पडे, व तो त्याला आठवडाभर पुरवावा लागे. लिहिणें, वाचणें व थोडासा हिशेब, एवढीच त्याच्या शाळेची शिदोरी. रिबो नांवाच्या पुस्तकविक्रेत्याकडे तो प्रथम वर्तमानपत्रें पोंचवीत असे. मुलगा चोख आहे असें पाहून मालकानें १८०५ सालीं कांहींएक फी न घेतां सात वर्षांच्या करारानें त्यास पुस्तकबांधणी शिकण्यास ठेवून घेतलें.

आलेलीं पुस्तकें बांधून परत करावीं, एवढेंच त्याचें काम. पण तो तीं उघडून वाचूं लागला. ब्रिटानिका ज्ञानकोशांतील विजेवरील लेख व जेन मार्सेट या विदुषीचें रसायनशास्त्रावरील संवादरूप पुस्तक यांनीं त्याला वेड लावलें. वाचलेलें खरें कीं खोटें, हें तो पदरच्या चार पैशांत बसतील असे प्रयोग करून स्वतः पडताळून पाही. १८१० पासून तो टेटम यांच्या शास्त्रविषयक व्याख्यानांस जाऊं लागला. दर व्याख्यानाची एक शिलिंग फी त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट, जो स्वतः लोहारकाम करी, तो भरीत असे.

१८१२ सालीं डान्स नांवाच्या एका गिऱ्हाइकानें त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. फॅरडेनें तीं व्याख्यानें सुवाच्य अक्षरांत उतरून काढलीं, आकृत्या काढल्या आणि आपल्याच हातांनीं त्यांचें पुस्तक बांधलें. रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांस लिहिलेल्या पत्राला उत्तर आलें नाहीं. तरी खचून न जातां त्यानें तें पुस्तक डेव्हीकडे पाठविलें. डेव्हीनें त्यास भेटीस बोलाविलें, पण हातचा धंदा न सोडण्याचाच सल्ला दिला. शास्त्राच्या सेवेंत पैसा थोडा व कष्ट फार, हें तो अनुभवानें जाणत होता. पुढें प्रयोगशाळेंतील एका नोकरास काढावें लागलें, तेव्हां त्याला फॅरडेची आठवण झाली. ता. १ मार्च १८१३ रोजीं आठवड्यास २५ शिलिंग पगार व माडीवरील दोन खोल्या यांवर फॅरडे कामावर रुजू झाला.

वाट तरीही कांटेरीच होती. त्याच वर्षीं डेव्हीबरोबर यूरोपच्या प्रवासास जातांना त्याला हुजऱ्याचेंही काम पत्करावें लागलें, आणि डेव्हीच्या पत्नीनें त्यास चाकराप्रमाणेंच वागविलें. घरीं परतावें असें त्याच्या मनांत अनेकदां आलें. पण डेव्हीच्या सहवासांत मिळणाऱ्या ज्ञानासाठीं त्यानें तो अपमान गिळला.

त्या सोशिकपणाचें फळ जगानें पाहिलें. १८२५ सालीं त्यानें बेंझीन शोधून काढलें. ता. २९ ऑगस्ट १८३१ रोजीं त्यानें लोखंडी कड्यावर तारेचीं दोन वेटोळीं गुंडाळून एकांतील वीजप्रवाह सुरू केला, तोंच दुसऱ्याजवळील चुंबकसूची हालली. थोड्याच आठवड्यांत, तारेच्या वेटोळ्यांत नुसता चुंबक आंतबाहेर केल्यानेंही वीज उत्पन्न होते, असें त्यानें दाखविलें. आज धरणांवर व कारखान्यांत फिरणारीं विद्युज्जनित्रें याच तत्त्वावर चालतात. त्याला उच्च गणित येत नव्हतें. ती उणीव त्यानें अचूक निरीक्षणानें भरून काढिली. कीर्ति झाल्यावरही त्यानें रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद नाकारलें, मात्र नाताळांतील मुलांसाठींच्या व्याख्यानमाला एकोणीस वेळां आनंदानें गुंफिल्या. ता. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं तो निवर्तला.

बालमित्रहो, फॅरडेनें आपला मार्ग निवडला तो हातांतील काम मन लावून करतां करतांच. आणि पालकांनींही ध्यानांत ठेवावें कीं, भावाची एक शिलिंग, मालकाचा उदारपणा व एका गिऱ्हाइकाचीं चार तिकिटें यांवांचून तो मार्ग त्याला सांपडता ना.