स्टॅन लॉरेल : ‘रड्या’मागचा कलावंत

प्रस्तावना

चरित्रनायकाची लोकांच्या मनात ठसलेली प्रतिमा आणि त्याचे प्रत्यक्ष जीवन यांत किती अंतर असते, हा प्रश्न चरित्राच्या अभ्यासात वारंवार उपस्थित होतो. लेखक वा राजपुरुष यांच्यापेक्षा विनोदी नटाच्या बाबतीत हे अंतर अधिक असते. म्हणून या घटकात आपण स्टॅन लॉरेल यांच्या जीवनाचा परिचय करून घेणार आहोत.

लॉरेल आणि हार्डी या जोडीला मराठी प्रेक्षक ‘जाड्या-रड्या’ म्हणून ओळखतात. या नावांची घडण लक्षात घ्या. ‘जाड’ हे विशेषण आणि ‘रड’ हा धातू; दोहोंना एकच ‘-या’ हा प्रत्यय लागला आहे. पहिले नाव शरीरयष्टीवरून आले, तर दुसरे सवयीवरून. डोक्यावरचे केस ओढत, चेहरा आक्रसून, लहान मुलासारखा रडणारा तो किरकोळ अंगाचा मनुष्य म्हणजे लॉरेल. पडद्यावर त्याला साधी गोष्टही उमजत नसे. प्रत्यक्षात मात्र त्या जोडीच्या चित्रपटांमागील प्रमुख विचारशक्ती त्याचीच होती.

जडणघडण

लॉरेल यांचे मूळ नाव आर्थर स्टॅन्ली जेफरसन. १६ जून १८९० रोजी इंग्लंडच्या लँकाशायर परगण्यातील अल्व्हरस्टन या गावी त्यांचा जन्म झाला. वडील नाट्यगृहांचे व्यवस्थापक आणि आई अभिनेत्री. त्यामुळे शाळेपेक्षा रंगमंचाकडेच त्यांचा ओढा राहिला. १९०६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ग्लासगो येथील एका नाट्यगृहात त्यांनी प्रथम विनोदी प्रवेश सादर केला.

पुढे ते फ्रेड कार्नो यांच्या प्रख्यात मूकनाट्य मंडळीत दाखल झाले. चार्ली चॅप्लिन त्याच मंडळीत होते आणि ते उपलब्ध नसतील तेव्हा त्यांची भूमिका करण्याची जबाबदारी लॉरेल यांच्यावर होती. १९१० साली हे दोघे एकाच बोटीने अमेरिकेला गेले. चॅप्लिन लवकरच चित्रपटांत जाऊन जगद्विख्यात झाले. लॉरेल यांना मात्र पुढची अनेक वर्षे फिरत्या रंगमंचावर आणि दुय्यम चित्रपटांत काढावी लागली. ‘स्टॅन जेफरसन’ या नावात इंग्रजी अक्षरे तेरा होतात, ही संख्या अशुभ, म्हणून त्यांनी आडनाव बदलून ‘लॉरेल’ केले, असे सांगितले जाते.

जोडी जमली

ऑलिव्हर हार्डी यांचा जन्म १८ जानेवारी १८९२ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात झाला. तरुणपणी ते एका चित्रपटगृहात काम करीत. पडद्यावरील नटांपेक्षा आपण बरे काम करू, असे वाटून ते या व्यवसायात शिरले.

१९२१ साली प्रदर्शित झालेल्या एका लघुपटात हे दोघे एकत्र दिसले. पण तेव्हा ती जोडी नव्हती. १९२६ साली लॉरेल हे हॅल रोच यांच्या संस्थेत लेखन-दिग्दर्शन करीत होते आणि अभिनय सोडण्याचा त्यांचा विचार होता. त्याच सुमारास हार्डी घरी स्वयंपाक करताना भाजले. त्यांची भूमिका करण्यासाठी लॉरेल यांना पुन्हा कॅमेऱ्यासमोर यावे लागले. १९२७ सालापासून दोघे जोडीने काम करू लागले. लिओ मॅकॅरी यांनी या जोडीतील सामर्थ्य वेळीच ओळखले.

विनोदाची घडण

त्या काळातील विनोदी चित्रपटांत धावपळ आणि आदळआपट यांची रेलचेल असे. या जोडीने विनोदाची गती मुद्दाम मंद केली. एकाने दुसऱ्याचे नुकसान करावे, दुसऱ्याने ते शांतपणे पाहून घ्यावे आणि मग रीतसर परतफेड करावी, अशी त्यांची रीत होती. संकट येणार हे प्रेक्षकाला आधीच कळते आणि त्याची वाट पाहण्यातच हसू वाढत जाते. १९३२ सालच्या ‘द म्युझिक बॉक्स’ या लघुपटात दोघे एक पियानो लांबलचक जिन्यावरून वर चढवू पाहतात. कथा एवढीच, परंतु त्या लघुपटाला ऑस्कर पारितोषिक मिळाले.

ही गती साधण्यामागे लॉरेल यांचे परिश्रम होते. दिवसाचे चित्रीकरण संपले की हार्डी गोल्फ खेळायला जात. लॉरेल मात्र प्रसंगांची आखणी आणि संकलन यांत गढलेले असत. श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून बहुधा दुसऱ्याचेच नाव असे. आपली चाल बावळट दिसावी म्हणून लॉरेल यांनी बुटांच्या टाचाही काढून टाकल्या होत्या. या अधिक कामाबद्दल त्यांना हार्डींपेक्षा जास्त मोबदला मिळे. पण त्यावरून दोघांत वितुष्ट आल्याचे दिसत नाही.

भाषेच्या अभ्यासकाला रस वाटेल अशी एक बाब येथे नोंदवू. बोलपट आल्यावर अनेक मूकपट-नटांची कारकीर्द मंदावली. या जोडीने मात्र आपले काही चित्रपट स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन आणि इटालियन भाषांत पुन्हा चित्रित केले. या भाषा त्यांना येत नव्हत्या. संवादांचे उच्चार फळ्यावर लिहून कॅमेऱ्यामागे धरले जात आणि दोघे ते वाचून म्हणत. त्यांचे परकी उच्चारही विनोदाचा भाग बनले. पुढे इटलीत त्यांच्या चित्रपटांना इटालियन आवाज देणाऱ्या कलावंतांनीही ती इंग्रजी ढब कायम ठेवली.

उतरता काळ

१९४० साली दोघांनी रोच यांची संस्था सोडली. नव्या मोठ्या संस्थांत लॉरेल यांना लेखन-संकलनात हात घालू दिला गेला नाही. नट तेच होते, पण चित्रपटांचा कस उतरला. पडद्यामागील लॉरेल यांचा वाटा किती मोठा होता, हे या काळातील चित्रपटांवरून कळते. जुने चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवले जाऊ लागले, तेव्हा त्याचे उत्पन्नही या दोघांना मिळाले नाही.

तरी लोकांचे प्रेम आटले नव्हते. १९५३ साली रंगमंचीय दौऱ्यासाठी त्यांची बोट आयर्लंडमधील कोव्ह बंदरात आली, तेव्हा बंदरावर गर्दी लोटली होती आणि तेथील चर्चच्या घंटांवर त्यांच्या चित्रपटांची ओळखीची धून वाजवली गेली.

७ ऑगस्ट १९५७ रोजी हार्डी यांचे निधन झाले. लॉरेल स्वतः आजारी असल्याने अंत्यविधीला जाऊ शकले नाहीत. त्यानंतर त्यांनी अभिनय कायमचा थांबवला. ज्याची बुद्धी जोडीमागे होती, त्याने एकट्याने उभे राहण्यास नकार दिला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

अखेरची वर्षे त्यांनी सांता मोनिका येथील एका साध्या सदनिकेत घालवली. त्यांचा क्रमांक दूरध्वनी-निर्देशिकेत छापलेला असे. कोणीही फोन करावा, भेटीस यावे. जगभरातून येणाऱ्या पत्रांना ते स्वतः टंकलेखन करून उत्तरे देत. १९६१ साली त्यांना विशेष ऑस्कर देण्यात आले; प्रकृतीमुळे ते स्वीकारण्यासही ते जाऊ शकले नाहीत. २३ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी चाहत्यांनी एक मंडळ स्थापन केले. त्याच्या मसुद्याला लॉरेल यांनी हयातीतच संमती दिली होती. ‘सन्स ऑफ द डेझर्ट’ या त्यांच्या १९३३ सालच्या चित्रपटाचे नाव मंडळाने घेतले. त्याच्या शाखांना ‘तंबू’ म्हणतात आणि अनेक देशांत त्या आजही भरतात.

समारोप

या जोडीत थोर कोण, असा वाद रसिकांत रंगतो. लॉरेल यांच्या जीवनाचा विचार करता त्याचे एकच उत्तर देता येत नाही. प्रसंग लॉरेल यांनी रचले हे खरे. परंतु हार्डी गळपट्टा चाळवत, वैतागून कॅमेऱ्याकडे पाहत, तेव्हाच ते प्रसंग पूर्ण होत. हे लॉरेल जाणून होते, म्हणूनच हार्डींनंतर ते पडद्यावर आले नाहीत. ‘रड्या’ हे नाव आपण पडद्यावर पाहिलेल्या माणसाला दिले. चरित्र वाचताना आपल्याला त्याच्यामागचा माणूस शोधावयाचा असतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. लॉरेल यांची पडद्यावरील प्रतिमा आणि प्रत्यक्ष कार्य यांतील अंतर सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘-या’ प्रत्यय लागून सिद्ध झालेली, तुमच्या परिसरातील पाच टोपणनावे लिहा व त्यांचे मूळ शब्द सांगा.
३. जोडीने काम करणाऱ्या कलावंतांपैकी एकाचे चरित्र लिहिताना कोणत्या अडचणी येतील, याविषयी तुमचे मत मांडा.